तीन कॉप्या कशाला? दीडपट जागेत भागतं!

मी बोलतोय दिंद्रुडहून, जिल्हा बीड. आजचा प्रश्न असा: सर्व्हर बंद पडला तरी डेटा टिकला पाहिजे, पण त्यासाठीचा खर्च कमी कसा करायचा?

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कॉप्या. हडूपमध्ये नेहमीच्या सेटिंगला प्रत्येक फाइलच्या तीन कॉप्या वेगवेगळ्या मशीनवर राहतात. दोन मशीन गेल्या तरी फाइल शाबूत. पण १०० टीबी डेटासाठी ३०० टीबी डिस्क घ्यावी लागते!

आता वहीच्या दोन पानांवर दोन आकडे लिहा, ४० आणि २५. तिसऱ्या पानावर त्यांची बेरीज, ६५. कुठलंही एक पान फाटलं तरी उरलेल्या दोनांवरून ते परत मिळतं. दोन्ही आकड्यांची कॉपी केली असती तर चार पानं लागली असती. यालाच इरेजर कोडिंग म्हणतात. यातला रीड-सॉलोमन कोड १९६० चा आहे. टपरीवरचा क्यूआर कोड थोडा फाटला तरी स्कॅन होतो ना? ती याच कोडची कमाल.

डिसेंबर २०१७ मध्ये हडूप ३ आलं आणि त्यात ही सोय मिळाली. डेटाचे ६ तुकडे, वर ३ हिशोबाचे. या ९ पैकी कुठलेही ३ गेले तरी चालतं, आणि १०० टीबीला १५० टीबी पुरतात.

मग सगळीकडे हेच का नाही वापरत? कारण डिस्कवर वाचवलेला खर्च नेटवर्कवर येतो. एक तुकडा गेला की तो परत बनवायला ६ तुकडे वाचावे लागतात. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये आझरसाठी यावर तोडगा मांडला: १२ तुकड्यांचे दोन गट, प्रत्येक गटाचा वेगळा हिशोब, शिवाय सगळ्यांचे मिळून आणखी दोन. एक तुकडा गेला तर १२ ऐवजी ६ वाचायचे. जागा लागते १.३३ पट.

गावात बसून ॲप चालवणाऱ्याला दर महिन्याचं क्लाउडचं बिल जड जातं. म्हणून सरसकट एकच नियम लावू नका. सतत बदलणारा डेटा कॉप्यांमध्ये ठेवा. जुने फोटो, लॉग यांना कोडिंग लावा. आणि एक लक्षात असू द्या, सगळ्या मशीन एकाच लाइटच्या लाइनवर असतील, तर लाइट गेल्यावर ना कॉपी कामाची, ना कोड.

तुमच्या डेटातला किती भाग रोज लागतो? एकदा मोजून बघा. भेटू पुढच्या भागात!