मैत्रीच्या कसोटीवर कर्ण



मराठी वाचकाने कर्णावर जेवढे प्रेम केले, तेवढे महाभारतातील क्वचितच दुसऱ्या एखाद्या व्यक्तिरेखेवर केले असेल. १९६७ साली शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली, पुढे रणजित देसाईंची ‘राधेय’ आली आणि या उपेक्षित वीरासाठी घराघरांत डोळे पाणावले. ती सहानुभूती अनाठायी नाही. परंतु माणूस संगतीवरून ओळखावा, असे मुलांना बजावणारी वडील मंडळी ही कसोटी कर्णाला मात्र लावत नाहीत. ती लावली तर काय दिसते?

प्रथम रंगभूमीचा प्रसंग. अर्जुनाला आव्हान देणाऱ्या या तरुणाला कृपाचार्य कुल विचारतात. त्याची मान खाली जाते. त्या क्षणी पुढे होतो तो दुर्योधन. तो तत्काळ त्याला अंगदेशाचा अभिषेक करवतो आणि मोबदल्यात केवळ सख्य मागतो. अधिरथ येताच कर्ण अभिषेकाने भिजलेले मस्तक त्याच्यापुढे नमवतो. ते पाहून भीम त्याच्या सूतकुळाची हेटाळणी करतो. तेव्हा हा मित्र कर्णाने निवडला, की त्या सभेनेच त्याला दुर्योधनाकडे लोटले? इथवर कर्णाला दोष देता येत नाही.

पण मैत्री जडणे वेगळे आणि ती निभावणे वेगळे. द्यूतसभेत द्रौपदीच्या प्रश्नावर भीष्म-द्रोणांसारखे वृद्ध निरुत्तर होतात, तेव्हा विकर्ण उठतो. तो धृतराष्ट्राचा पुत्र, दुर्योधनाचा सख्खा भाऊ. तरीही ‘हा अधर्म आहे’ असे तो स्पष्ट सांगतो. त्याला दरडावून गप्प करणारा आणि वस्त्रहरणाची आज्ञा दुःशासनाला देणारा कोण? कर्ण! रक्ताचे नाते असलेला भाऊ सत्य बोलू शकला. उपकाराने बांधलेला मित्र बोलू शकला नाही.

कर्णाला हे उमगले नव्हते असे नाही. उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्मरहस्य सांगतो, तेव्हा दुर्योधनाला प्रिय व्हावे म्हणून पांडवांना कटू बोललो, याचा पश्चात्ताप तो स्वतःच बोलून दाखवतो. विजय पांडवांचाच होणार, हेही तो जाणतो. तरी राज्याचा मोह त्याला मित्रापासून दूर नेत नाही. ही निष्ठा थोरच. मात्र हे कटू सत्य त्याने कृष्णाला सांगितले. ज्याला ते ऐकवणे अगत्याचे होते, त्या दुर्योधनाच्या मनाजोगतेच तो बोलत राहिला.

याउलट अर्जुन पाहा. द्वारकेत एका बाजूला नारायणी सेना, दुसऱ्या बाजूला निःशस्त्र कृष्ण. अर्जुनाने कृष्ण मागितला. दुर्योधन सेना मिळाली म्हणून हर्षभरित झाला. रणांगणावर अर्जुन खचला, तेव्हा त्या सख्याने त्याचे कौतुक केले नाही. त्याच्या दुर्बलतेवर बोट ठेवले.

म्हणून व्यक्तिरेखेची पारख करताना केवळ ‘मित्र कोण?’ एवढे विचारून भागत नाही. मित्राला तो काय सांगू शकला, हेही पाहावे लागते. कर्णाची कथा त्याच्या मित्राला दोष देते, कर्णालाही देते. परंतु तिचा पहिला ठपका आहे तो गुण पाहण्याआधी कुल विचारणाऱ्या सभेवर. गुणवंत तरुणाला समाजाने दाराबाहेर ठेवले की त्याचा हात धरायला कोणीतरी पुढे येतेच. तो हात नेहमी कृष्णाचाच असेल, याची हमी कोणी द्यावी?