श्वासाची वाट

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत भूलतज्ज्ञांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेथे सच्चिदानंदबाबांची आख्यायिका नव्याने सांगण्याचे कारण नाही. पतीच्या निधनाने सती जाण्यास निघालेली स्त्री, तिला भेटलेले ज्ञानदेव आणि उठून बसलेला तो पुरुष, जो पुढे ज्ञानेश्वरीचा लेखनिक झाला, ही कथा येथील प्रत्येक घरात ठाऊक आहे. ते सामर्थ्य संतांचे होते. आम्हा वैद्यकांच्या हाती फक्त काही मिनिटे असतात. त्या मिनिटांचा हिशेब आज आपल्यापुढे मांडण्याची अनुज्ञा असावी.

हृदयक्रिया अकस्मात बंद पडली की मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो आणि साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. नेवासा फाट्यावरून अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर ही दोन्ही शहरे पन्नास-साठ किलोमीटरवर आहेत. राज्यात २०१४ साली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ९३७ वाहनांनिशी सुरू झाली, हा ग्रामीण भागाला मोठाच आधार झाला. तथापि कोणतेही वाहन कितीही त्वरेने आले, तरी वाडीवस्तीवर चार मिनिटांत पोहोचणे क्वचितच शक्य होते.

येथे मी स्वतःची एक चूक सांगतो. उमेदीच्या काळात, अन्यत्र काम करीत असताना, हृदयक्रिया बंद पडलेल्या एका शेतकऱ्याला आमच्यासमोर आणले गेले. श्वासनलिकेत नळी घालणे हे भूलतज्ज्ञाचे भूषण, अशी माझी समजूत होती. मी छातीदाब थांबवावयास सांगितले आणि नळी घालू लागलो. पहिला प्रयत्न फसला, दुसराही फसला. तिसऱ्या वेळी नळी बसली, पण तोवर कोणीही छाती दाबलेली नव्हती. तो गृहस्थ वाचला नाही. छातीदाब चालू राहिला असता तर तो वाचला असता, असे मी म्हणू शकत नाही. परंतु त्याच्या मेंदूला मिळू शकणारे रक्त माझ्या कौशल्याच्या हौसेने थांबविले, एवढे मात्र खरे.

पुढे जगभरच्या अनुभवाने हाच धडा दिला. इंग्लंडमध्ये रुग्णवाहिकेवरील पॅरामेडिक सेवकांकडून ९,२९६ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला आणि २०१८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालण्यात आली, तर काहींच्या घशात, स्वरयंत्राच्या मुखावर बसणारे आय-जेल नावाचे सोपे साधन बसविले गेले. चांगल्या स्थितीत वाचलेल्यांचे प्रमाण नळीच्या गटात ६.८ टक्के, तर आय-जेलच्या गटात ६.४ टक्के होते. म्हणजे लक्षणीय फरक आढळला नाही. अवघड कौशल्यावाचून अडून बसण्याचे कारण नाही, हा त्यातील आपल्यासाठी बोध.

म्हणून क्रम असा असावा. प्रथम छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब. प्रशिक्षित सेवक असल्यास मान मागे कलवून, हनुवटी उचलून, मुखवटा घट्ट धरून अंबू बॅगने श्वास. तीस दाबांमागे दोन. विजेचा झटका देणारे यंत्र येताच त्याचा वापर. त्यानंतर जमेल तर आय-जेल किंवा नळी, आणि तीही दाब न थांबविता, किंवा अगदी काही सेकंदच थांबवून. नळी घातल्यास ती श्वासनलिकेतच आहे याची खात्री कॅप्नोग्राफवर करून घ्यावी, कारण अन्ननलिकेत गेलेली आणि लक्षात न आलेली नळी प्राणघातक ठरते.

ज्यांना प्रशिक्षण नाही, अशा नागरिकांनी प्रौढ व्यक्ती कोसळल्यास १०८ ला दूरध्वनी करून केवळ छाती दाबत राहावे. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली हेच मार्गदर्शन केले. अपवाद एक ध्यानात ठेवावा. प्रवरासंगमासारख्या ठिकाणी पाण्यात बुडालेल्याचे हृदय श्वास कोंडल्याने थांबलेले असते. रक्तातील प्राणवायूच संपलेला असतो, म्हणून तेथे कृत्रिम श्वासाला प्रथम स्थान आहे. लहान मुलांच्या बाबतीतही श्वासाचे महत्त्व असेच मोठे.

देणगीदारांना माझी नम्र विनंती आहे. मोठ्या यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, आणि ती यंत्रेही हवीतच. परंतु सर्व मापांचे मुखवटे, चालू स्थितीतील शोषणयंत्र, सरावासाठीचा पुतळा आणि वाहनचालक, परिचारिका, शिक्षक यांचे दर सहा महिन्यांनी होणारे प्रशिक्षण, यांवर कोणाचेही नाव कोरले जात नाही. तेही दान तितकेच मोलाचे आहे.

आणि रुग्णांच्या आप्तांना एवढेच सांगावयाचे, की त्या क्षणी सर्वांत जवळ आपणच असता. आख्यायिकेतील त्या स्त्रीपाशी विलापावाचून काही नव्हते. आज तिच्या जागी असलेल्या पत्नीपाशी, मुलापाशी, शेजाऱ्यापाशी दोन शिकलेले हात असावेत. प्रत्येक वेळी यश येईल असे नाही. बहुतेक वेळा येणारही नाही. पण कोणीच काही केले नाही, ही खंत तरी घरात उरू नये.