ट्रेसरच्या मुलीचं नाव

(लखनऊच्या मानक नगरमध्ये, तिथल्या मराठी कुटुंबांतल्या नव्या पदवीधरांसमोर एका घरगुती बैठकीत केलेलं भाषण.)



विषय दिलाय ‘आवडीचं काम आणि करिअर’. फोन करणाऱ्या काकू म्हणाल्या, “आमच्या पोरांना जरा सांग, मनात असेल ते करा म्हणून.” मी हो म्हणाले आणि मग विचारात पडले. कारण मनात होतं ते मी एकदा केलेलं आहे. सव्विसाव्या वर्षी नोकरी सोडून चित्रं काढायला मुंबईला गेले आणि आठ महिन्यांत याच कॉलनीत परत आले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझं पुढचं बोलणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल.

माझे बाबा मूळ भुसावळचे. इथे आरडीएसओत ट्रेसर होते. ही संस्था 1957 सालची. 1930 चं सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस आणि 1952 मध्ये लखनऊला सुरू झालेलं टेस्टिंग अँड रिसर्च सेंटर, ही दोन एकत्र करून ती झाली. देशभर धावणारे डबे, वाघिणी, रूळ कोणत्या मापाचे असावेत, किती भार सोसावेत, याचे मानक इथे ठरतात. म्हणून आपल्या वस्तीचं नाव मानक नगर.

बाबांचं काम म्हणजे ड्राफ्ट्समनने पेन्सिलीने काढलेलं ड्रॉइंग ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायचं. त्यावरून अमोनियाचे प्रिंट निघायचे. संध्याकाळी घरी आले की शर्टाला तो वास असायचा. चूक झाली तर ब्लेडने शाई खरवडायची, पण कागद फाटता कामा नये. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते : कोणी काढलं, कोणी ट्रेस केलं, कोणी तपासलं, कोणी मंजूर केलं. त्यातल्या एका छोट्या रकान्यात बाबांची दोन अक्षरं असायची. मी लहानपणी विचारायचे, “बाबा, ही गाडी तुम्ही काढली?” ते म्हणायचे, “मी नाही. मी फक्त ट्रेस केली. पण ते तिथं लिहिलेलं आहे.”

कापून उरलेल्या ट्रेसिंगच्या पट्ट्या घरी यायच्या. माझी चित्रकला त्या पट्ट्यांवर झाली. आर्ट कॉलेजला जायचा विषयसुद्धा घरात निघाला नाही. बी.कॉम. केलं, अकाउंट्सची नोकरी धरली, धाकट्या भावाची फी भरली. मग एके दिवशी ‘आपली आवड ओळखा, बाकी सगळं आपोआप होईल’ असं कुठेतरी ऐकलं आणि निघाले.

आपोआप काही झालं नाही. कल्याणला चौघीजणी एका खोलीत राहायचो. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायचे आणि पैसे तीन-तीन महिन्यांनी मिळायचे. माझ्यासोबत काम करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची मुंबईत स्वतःची घरं होती. त्यांच्यासाठी पैसे उशिरा येणं ही कटकट होती. माझ्यासाठी ते भाडं होतं आणि भावाची परीक्षा फी होती. आवड आमची सारखीच होती. पण थांबून वाट बघायची ऐपत सारखी नव्हती.

एका प्रकाशकाने गोष्ट दिली. त्यात एक गरीब मुलगा शाळेत जातो. मी बाबांचा शाळेतला फोटो डोळ्यांसमोर ठेवून चित्र काढलं. तेल लावून चोपून बसवलेले केस, लोटा तापवून इस्त्री केलेला सदरा, वरपर्यंत लावलेली बटणं. आजी त्यांना तसंच पाठवायची. चित्र परत आलं. “हा गरीब वाटत नाही,” म्हणाले. भाडं द्यायचं होतं. मी दुसरं काढलं : फाटका सदरा, वाहणारं नाक, खाली घातलेली मान. ते लगेच पास झालं. पुस्तक छापून आलं, त्यात माझं नाव नव्हतं.

परत आले तेव्हा ते पुस्तक बाबांनी माझ्या बॅगेतून काढून पाहिलं. त्या पानावर थांबले. “हा कोण?” एवढंच विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

त्यानंतर दीड वर्ष मी पेन्सिल हातात घेतली नाही. परीक्षा देऊन सरकारी कारकुनाची नोकरी मिळवली, ती आजही करते. लोक समजतात मी हरले. बरेच दिवस मलाही तसंच वाटत होतं.

त्या काळात वाचत मात्र होते. बाबुराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ 1963 चं. त्या शीर्षककथेतला माणूस रेल्वेच्या नोकरीवर परगावी जातो आणि राहायला खोली मिळावी म्हणून त्याला जात लपवावी लागते. मी ती कथा रेल्वेच्या क्वार्टरमध्ये बसून वाचली. क्वार्टर ग्रेडप्रमाणे मिळतो, दारात उभं करून आडनाव विचारणारा घरमालक तिथे नसतो. एका नोकरीने आपल्या घरांना काय दिलं, ते मला त्या दिवशी नीट कळलं.

बेबीताई कांबळे फलटणला किराणा दुकान चालवायच्या. दुकानात बसून लिहायच्या आणि लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. किती वर्षं! ‘जिणं आमुचं’ पुस्तक म्हणून 1986 मध्ये आलं. आणि बाबासाहेबांचंच घ्या. 31 जानेवारी 1920 ला ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचं होतं. पत्र सुरू करायला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. याच लखनऊमध्ये, सआदतगंजात, चंद्रिकाप्रसाद जिज्ञासूंनी बहुजन कल्याण प्रकाशन चालवलं. आपली पुस्तकं दुसरं कोणी छापेल म्हणून ते वाट बघत बसले नाहीत.

या कोणालाही आवड शोधत फिरावं लागलं नाही. जे सांगायचं राहिलंय ते त्यांना समोर दिसत होतं. नोकरी, दुकान, मिळालेली मदत, सगळं त्यांनी त्या कामाला जोडून घेतलं.

मलाही माझं काम बाबांच्या प्रश्नात सापडलं. मुलांच्या पुस्तकांतली घरं मी नीट पाहू लागले. अंगणात तुळस असते, देवघर असतं, आजी पोथी वाचत असते. आपल्या घरांतल्या भिंतीवरचा बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो मला त्या चित्रांत कुठे दिसेना. आपली पोरं त्या पुस्तकांत येतात ती बहुतेक फाटक्या सदऱ्यातच. कारण चित्रातल्या गरिबाचंही एक मानक ठरलेलं आहे. ते ठरवताना आपण तिथे नव्हतो, आणि पैशासाठी मी ते मुकाट ट्रेस करून दिलं.

म्हणून मी सोळा पानांचं एक पुस्तक केलं. रात्री नऊ ते अकरा, दोन वर्षं. एक मुलगा सकाळी उठतो, आई डबा भरते, बाप सायकल पुसतो, भिंतीवर फोटो आहे. बस, एवढंच. छपाईला पगारातून पैसे घातले. इथल्याच एका छोट्या मुलीला दाखवलं तर तिने बोट ठेवून माझी चूक काढली : “फोटो इथे नसतो, टीव्हीच्या वर असतो.” कौतुक माझं पुष्कळ झालं असेल, पण त्या बोटाने मला जेवढा आनंद दिला तेवढा कशाने दिला नाही. तिला ते घर तिचं वाटलं, म्हणून तर तिने ते दुरुस्त केलं.

आता तुमच्यासाठी थोडं कामाचं बोलते.

लिहायचं असेल, सिनेमा करायचा असेल, गायचं असेल, तर जरूर करा. पण घरात पहिला पगार तुमचा असेल तर तो सोडण्याआधी हिशेब मांडा. किती महिने पैसे आले नाहीत तरी चालेल? घरी कोण अवलंबून आहे? हा हिशेब मांडणं म्हणजे घाबरणं नव्हे. मी तो मांडला नाही, आणि म्हणून मला नको ते चित्र काढावं लागलं. हिशेब जमत असेल तर बिनधास्त जा. नसेल जमत, तर रोजचे दोन तास कोणालाही देऊ नका.

दुसरं, काम घेताना लेखी घ्या. आपला कॉपीराइट कायदाही 1957 चाच. पैसे देऊन कोणी चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर त्या कायद्याच्या कलम 17 प्रमाणे पहिला मालक काढून घेणारा ठरू शकतो. पण कलम 57 सांगतं की हक्क विकले तरी ‘हे मी केलेलं आहे’ असं म्हणण्याचा अधिकार करणाऱ्याकडेच राहतो. हे मला तेव्हा माहीत असतं तर मी नाव मागितलं असतं. कदाचित त्यांनी नकारही दिला असता, पण मी मागितलं असतं.

आणि तिसरं, एकटे राहू नका. तुमच्यात कोणी लिहीत असेल, कोणाला कॅमेरा येत असेल, कोणी हिशेबात पक्कं असेल. आपल्याकडे वारशात ओळखी आलेल्या नाहीत, त्या इथूनच करायच्या आहेत.

बाबा आता निवृत्त आहेत, नजर कमी झालीय. सोळा पानांचं ते पुस्तक त्यांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी आधी चित्रं पाहिलीच नाहीत. चश्मा वर करून मुखपृष्ठाच्या खालच्या कोपऱ्यात शोधू लागले. तिथे माझं पूर्ण नाव होतं, आडनावासकट. त्यावरून अंगठा फिरवला, शाई पसरत तर नाही ना हे बघतात तसा, आणि मग पहिलं पान उलटलं.

जय भीम.