फाटक आणि कंबरदुखी
(उत्सवातील भाषणाचा मजकूर)



दक्षिण-पूर्व रेल्वेच्या मुख्यालयात वर्षानुवर्षे खुर्चीवर बसून गार्डन रीचने मला दोन गोष्टी दिल्या : तुमच्यासारखी माणसे आणि कंबरदुखी!

त्यासाठी मी ‘टेन्स’चे छोटे यंत्र वापरतो. कातडीवर पट्ट्या चिकटवायच्या, सौम्य वीज सोडायची. मुंग्या आल्यासारखे वाटते. १९६५ साली मेल्झॅक व वॉल या शास्त्रज्ञांनी मांडले की, मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू फाटक असते. रेल्वेवाल्यांना फाटक काय समजावायचे! स्पर्शाचे संदेश आले की ते थोडे मिटते. ठेच लागल्यावर आपण पाय चोळतो, तसेच हे.

मला तासाभराचा आराम मिळतो. तेवढ्यात चालणे, व्यायाम उरकतो. हा मात्र माझा अनुभव. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये, असे सुचवले आहे. दुखण्याचे मूळ त्याने जात नाही.

गेल्या वर्षी एक सहकारी यंत्र मागायला आले. मी लगेच दिले. जिना उतरताना ते सहज म्हणाले, “पेसमेकर बसवल्यापासून फिरणे कमी झालेय.” मी धावत जाऊन यंत्र परत घेतले! या विजेने पेसमेकरच्या कामात अडथळा येऊ शकतो. गरोदरपणी पोटावर, गळ्यावर पुढून किंवा जखमेवरही ते लावू नये.

शेजाऱ्याला साखर जरूर द्या. यंत्र मात्र डॉक्टरांना विचारूनच.

गणपती बाप्पा मोरया!