दलालाचा सदरा

(घरांच्या खरेदी-विक्रीच्या धंद्यात नव्यानं शिरलेल्या वस्तीतल्या मुलामुलींसमोर केलेलं भाषण)



मला बोलवायला आलेली पोरं म्हणाली, दादा, परीक्षा झाली, नंबर मिळाला, आता कामाला जाताना घालायचं काय तेवढं सांगा. मी म्हटलं, एवढ्यासाठी भाषण कशाला? तर त्यातला एक म्हणाला, बाकी सगळं पुस्तकात होतं, एवढंच नव्हतं.

खरंय त्याचं. पांढरपेशा घरातल्या पोराला हे कुणी शिकवत नाही. त्याला ते घरातच दिसतं. बाप ऑफिसला निघताना दिसतो, काका निघताना दिसतो. आपला बाप कामावर निघाला तो गटारात उतरायला, पोती उचलायला, विटा वाहायला. कामावर जाताना तो फाटकं घालायचा आणि चांगला सदरा चौदा एप्रिलसाठी ठेवायचा. आपल्याला आता त्याच्या उलट करायचंय. त्यात आपण चुकतो. मी चुकलो, म्हणून बोलतो.

आधी एक शब्द निकालात काढू. दलाल. आपल्या मोर्च्यात ही शिवी आहे. विकला गेलेल्या पुढाऱ्याला आपण दलाल म्हणतो. आणि आज तुम्ही रीतसर दलाल झालात. केंद्राचा स्थावर संपदा कायदा २०१६ चा, तो १ मे २०१७ पासून पुरता लागू झाला. नोंदणी झालेल्या प्रकल्पातलं घर विकून द्यायचं तर एजंटालाही नोंदणी लागते, आणि २०२३ पासून महारेरानं आपल्याकडं प्रशिक्षण आणि परीक्षा आणली. तुम्ही ती पास झालात. तुमचा नंबर कागदावर आहे. तेव्हा शिवी म्हणून कुणी दलाल म्हटलं तर मान खाली घालू नका. मध्ये उभं राहून दोघांचं काम करून द्यायचं आणि त्याची मजुरी घ्यायची, यात पाप नाही. पाप कुठं आहे ते शेवटी सांगतो.

आता माझी गोष्ट. पहिल्यांदा डोंबिवलीत फ्लॅट दाखवायचा होता. मे महिना. मित्राकडून ब्लेझर मागून आणला. त्याच्या लग्नातला, काळा, खांद्याला सैल, बाही बोटांपर्यंत. लोकलनं गेलो, स्टेशनवरून चालत गेलो. पोचेपर्यंत आतला शर्ट पाठीला चिकटलेला. ब्लेझर काढायची सोय नाही, कारण काढला तर शर्ट दिसणार. दारात मालक म्हणाला, चपला-बूट बाहेर काढा. काढले. मोज्याला भोक, अंगठा बाहेर. दोस्तांनो, पुढची वीस मिनिटं मी एका पायावर दुसरा पाय ठेवून उभा होतो. गिऱ्हाइकानं विचारलं, कार्पेट किती? मला आकडा पाठ होता, पण तोंडातून निघेना. सगळं ध्यान अंगठ्यात. सौदा गेला. मालकानं कार्ड मागितलं. कार्डावर मी आडनाव छापलंच नव्हतं, नुसतं नाव आणि फोन. तो कार्ड उलटंपालटं करून म्हणाला, आडनाव काय तुमचं? म्हणजे बघा, एवढा उसना कोट घालून, घाम गाळून, मी काय झाकलं? काहीच नाही.

तेव्हापासून शिकत गेलो ते सांगतो. लिहून घेणाऱ्यांनी लिहून घ्या.

उसनं घालू नका. आणि हप्त्यावर सूट घेऊ नका. या धंद्यात पैसा लगेच येत नाही. भाड्याच्या घरात साधारण एका महिन्याचं भाडं मिळतं, विक्रीत टक्का-दोन टक्के, तेही कर्ज मंजूर होऊन रजिस्ट्रेशन होईस्तोवर महिने जातात. सूटचा हप्ता मात्र पाच तारखेला येतोच. दोन पँट घ्या, एक काळी, एक राखाडी. चार शर्ट घ्या, फिक्या रंगाचे, सुती. उल्हासनगरच्या बाजारात कापड घ्या आणि आपल्या वस्तीतल्या टेलरकडून मापाचं शिवून घ्या. ब्रँडचं ढगळं घालण्यापेक्षा मापाचं साधं बरं. अंगाला बसलेला कपडा असला की हात सारखा कॉलरकडं जात नाही.

एक शर्ट नेहमी पिशवीत. ही चैन नाही. आपण लोकलनं जातो, गिऱ्हाईक गाडीनं येतं. त्याचा घाम वाळलेला असतो, आपला ताजा असतो. स्टेशनजवळच्या सुलभमध्ये जा, तोंड धुवा, शर्ट बदला, मग जा.

बुटाचं नीट ऐका. दिवसातून सहा घरं दाखवायची म्हणजे सहा वेळा बूट काढायचे, सहा वेळा घालायचे. लेसचे नकोत, पाय सरकवता येईल असे घ्या. मोजे धड पाहिजेत, जोडी जादा पाहिजे. पण बांधकाम चालू असलेल्या साइटवर जायचं तर जाड तळव्याचे बंद बूट, आणि डोक्यावर हेल्मेट मागून घ्यायचं, लाजायचं नाही. तिथं खिळे असतात, सळया असतात. तिथं काम करणारा आपलाच भाऊ स्लिपरवर असतो हेही डोळे उघडे ठेवून बघा. पावसाळ्यात रबरी सँडल घालून जा आणि बूट पिशवीत न्या. चिखलाचे पाय घेऊन कुणाच्या हॉलमध्ये जाऊ नका.

मेजरिंग टेप खिशात. पेन दोन. चाव्यांच्या जुडग्याला चिठ्ठ्या. अंगठ्या, साखळ्या, मोठं घड्याळ घरी ठेवा. ज्याला घर घ्यायचंय तो आयुष्याची पुंजी घेऊन आलेला असतो. तुमच्या गळ्यात सोनं बघितलं की त्याला वाटतं, हे माझ्याच पैशातून.

बिल्डरचा टी-शर्ट आणि बिल्ला. रविवारी हायवेवर कंपनीचा टी-शर्ट घालून, पाटी धरून उन्हात उभी राहणारी पोरं तुम्ही बघितलीत. ती बहुतेक आपलीच असतात. काम आहे, करा. पण ज्या कंपनीशी तुमचा संबंध नाही तिचा बिल्ला छातीवर लावून फिरू नका. कायद्याचं कलम १० आहे. जी मान्यता नाही, जो संबंध नाही, तो आहे असं भासवणं हा त्या कलमात गुन्ह्यासारखाच धरलाय, त्याला अनुचित व्यवहार म्हणतात. आपला नोंदणी नंबर कार्डावर छापा. आणि त्याच्या वर आपलं पुरं नाव छापा. आडनावासकट.

बहिणींनो, तुमच्यासाठी वेगळं पुस्तक नाही. साडी, पंजाबी ड्रेस, पँट-शर्ट, ज्यात जिने चढता येतात ते घाला. लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत सातवा मजला दाखवायचा असतो. स्कूटीवर ओढणी बांधून घ्या. एखाद्या ऑफिसात सांगतील, उंच टाचा घाल, लिपस्टिक लाव, गिऱ्हाईक खूश होतं. त्यांना सांगा, मी घर विकायला आलेय. रिकाम्या फ्लॅटमध्ये अनोळखी माणसाबरोबर एकटीनं जाऊ नका, कुणाला तरी पत्ता कळवून जा, आणि दार उघडं ठेवा. हे कपड्यात येत नाही असं वाटेल, पण पळता येतील अशा चपला घालणं हे कपड्यातच येतं.

आता तुम्ही म्हणाल, दादा, हे तर कुठल्याही एजंटाला सांगता येईल. आपल्यालाच वेगळं काय? तर ऐका.

कपडा आपल्या लोकांसाठी कधी नुसता कपडा नव्हता. मनुस्मृतीनं चांडाळाला मेलेल्या माणसाची वस्त्रं नेमून दिली. दहाव्या अध्यायात आहे, कुणीही बघावं. म्हणजे नवं कापड अंगाला लागू द्यायचं नाही, हा धर्म. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला ती मनुस्मृती जाळली, आणि त्याच परिषदेत बाबासाहेब बायांसमोर बोलले ते लुगड्यावर बोलले. लुगडं कसं नेसावं, गळ्यातले आणि हातातले ते ओळख पटवणारे दागिने का टाकावेत, स्वच्छ कसं राहावं. एवढा मोठा लढा चालू असताना त्यांना लुगड्यावर बोलायला वेळ होता, कारण अंगावरची खूण बघून लोक लांबूनच बाजूला सरत होते.

आणि चौकाचौकात बाबासाहेबांचा सूट आहे म्हणून आपली पोरं पहिल्या पगारात सूट शिवतात. मला त्याचा राग नाही, मी पण तोच. पण लक्षात घ्या, ते बॅरिस्टर होते. त्यांच्या कामाचा तो पोशाख होता. आपल्या कामाचा पोशाख आपण बघायचा.

माझी आई नगरपालिकेत झाडूवाली होती. घरी इस्त्री नव्हती. ती तांब्यात निखारे घालायची आणि माझा शाळेचा सदरा त्यानं फिरवायची. स्वतःची कामाची साडी पण. मी एकदा म्हटलं, आई, झाडायलाच जायचंय ना, इस्त्री कशाला? ती म्हणाली, कचरा त्यांचा हाय, साडी माझी हाय. याच्यापुढं मला कपड्यावर कुणी काही शिकवलेलं नाही.

आता ते पाप. काही वर्षांनी मला नीट कपडे घालता यायला लागले. बोलणं सुधारलं. कल्याणला एक मालक होते, म्हातारे, चहा पाजायचे. आपल्यातलं एक जोडपं माझ्याकडं भाड्यानं घर बघत होतं. नवरा बँकेत, बायको शिक्षिका. घर बघायला येताना दोघं कसे आले होते सांगू? कडक इस्त्री, बायकोची ठेवणीतली साडी, पोराच्या डोक्याला तेल लावून भांग पाडलेला. जणू इंटरव्ह्यू. घर आवडलं. ते खाली उतरले आणि मालक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, माणसं चांगली वाटतात, पण आडनावावरून ती ह्यांच्यातली दिसतात. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर आपलेच.

तुम्ही तर आपलेच. दोस्तांनो, माझ्या इस्त्रीच्या शर्टाला मिळालेलं हे बक्षीस.

मी काय केलं? मी हसलो. चहा संपवला. खाली जाऊन त्या जोडप्याला सांगितलं, सॉरी, फ्लॅट आधीच गेलाय. त्या बाईनं पोराचा भांग हातानं पुन्हा नीट केला आणि म्हणाली, बरं, दुसरं बघा. तिला सगळं कळलं होतं. मला कळलं की तिला कळलंय. हे पाप. याला म्हणतात दलाल.

वर्षभरानं तसंच झालं, दुसऱ्या मालकाकडं. तेच वाक्य. या वेळी मी म्हटलं, काका, मीही त्यांच्यातलाच. माझं आडनाव कार्डावर आहे, वाचा. त्यांनी वाचलं. चावी परत मागितली. ब्रोकरेज गेलं, आणि त्या सोसायटीतली आणखी दोन घरं हातची गेली. खोटं कशाला सांगू, त्या महिन्यात घरात ओढाताण झाली. पण मी खाली येऊन त्या गिऱ्हाइकाला खरं सांगितलं. म्हटलं, मालक नाही म्हणतोय आणि का ते तुम्हाला ठाऊक आहे, चला पुढचं बघू. आणि पुढचं मिळालं. आज माझ्या वहीत अशा मालकांची यादी आहे जे भाडं आणि कागद बघतात, जात बघत नाहीत. हळूहळू जमली. तुम्हाला पाहिजे तर उतरवून घ्या.

म्हणून सांगतो. नीट कपडे घाला, कारण त्यांनी दार उघडतं. ते दार आजवर आपल्याला मागच्या बाजूनं माहीत होतं, संडास साफ करायच्या बोळातून. आता पुढून जा. पण आत गेल्यावर तुमच्या समोर ते बोलणार आहेत जे तुमच्या बापासमोर बोलत नव्हते, कारण त्याच्या हातात झाडू होता आणि तुमच्या हातात चावी आहे. तुम्हाला ते आपलं समजतील. त्या घटकेला तुमचा सदरा कुणाचा आहे ते ठरेल. तुम्ही गप्प बसलात तर तो उतरलेला सदरा, त्यांनीच दिलेला. बोललात तर तुमचा.

रोज सगळ्यांना लढता येणार नाही. घरी चूल आहे. मी एकदा गप्प बसलो, तेव्हा तुमच्यातल्या कुणाला मी दगड मारणार नाही. पण खाली उभ्या असलेल्या माणसाला खोटं सांगू नका. एवढं तरी पाळा.

उद्या सकाळी कामाला निघाल तेव्हा शर्ट आपला असू द्या, मोजे धड असू द्या, कार्डावर आडनाव असू द्या. संध्याकाळी आलात की शर्ट स्वतः धुवा, आईच्या अंगावर टाकू नका. तिनं पुष्कळ धुतलंय.

जयभीम.