बाहुली कुणाच्या मांडीवर?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. छापण्यासाठी थोडं आटोपशीर केलं आहे.)

सकाळच्या सत्रात आपण पोटगीच्या अर्जांवर बोललो. आता मी बाहुल्यांवर बोलणार आहे, हे फळ्यावर वाचून मागच्या रांगेतल्या दोघीतिघी हसल्या. हसू दे. रेशन, दारू, मारहाण असे प्रश्न समोर असताना लहान मुलांच्या बाहुल्या हा काय विषय झाला, असं मलाही पूर्वी वाटलं असतं. पण गेली दहा-बारा वर्षं वस्तीतल्या घरांत उठताबसता एक गोष्ट लक्षात आली. घरातली बाहुली कुणाच्या हातात दिली जाते, कुणाच्या हातून काढून घेतली जाते आणि ती फाटली की कोण शिवतं, एवढं बघितलं तरी त्या घरात बाईच्या कामाला काय किंमत आहे ते बरंचसं कळतं. म्हणून हा विषय मी मागून घेतला.

आधी माझ्या घरचंच सांगते. माझ्या लहानपणी आमच्याकडे दोन बाहुल्या होत्या. एक मामानं मुंबईहून आणलेली. सोनेरी केस, निळे डोळे, आडवी केली की डोळे मिटायची. ती शोकेसमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीसकट. दिवाळीच्या साफसफाईला आई ती बाहेर काढायची, पुसायची आणि परत काचेआड ठेवायची. ती माझी आहे असं सगळे म्हणायचे, पण मी तिच्याशी कधी खेळले नाही. दुसरी आजीनं केलेली. जुन्या लुगड्याचं अंग, आत चिंध्या, काळ्या दोऱ्यानं भरलेले डोळे आणि लोकरीची वेणी. ती माझ्याबरोबर जेवायची, झोपायची, तापाने फणफणायची. दर उन्हाळ्यात आजी तिची शिवण उसवून आतल्या चिंध्या बदलायची आणि मला जवळ बसवून सुई ओवायला द्यायची. बाहुलीची मजा काय असते आणि वस्तू जपणं म्हणजे काय, हे मी तिथं शिकले. शोकेसमधल्या बाहुलीला जपलं होतं असं मी म्हणणार नाही. तिला नुसतं ठेवलं होतं.

पुढे एम.एस.डब्ल्यू. करताना लिंगभाव शिकले. मुलीला बाहुली आणि मुलाला मोटार, इथूनच तिच्या वाट्याला चूल आणि मूल येतं, हे डोक्यात पक्कं बसलं. त्यात चूक काही नाही. आपल्याकडे बाहुला-बाहुलीचं लग्न लावायचा खेळ आहे. रुसवेफुगवे, मानपान, पाठवणी, सगळं त्यात असतं. आणि तो खेळणाऱ्या मुलींचीच खरी लग्नं त्याच वयात लावली जात होती, हेही आपल्याला माहीत आहे. रखमाबाईंचं लग्न लावलं तेव्हा त्या 11 वर्षांच्या होत्या.

तर अशी तयारी करून मी पहिल्या नोकरीला लागले आणि वस्तीतली एक बालवाडी माझ्याकडे आली. उत्साहाच्या भरात मी तिथल्या सगळ्या बाहुल्या पेटीत भरल्या आणि पेटी कपाटावर ठेवली. त्यांच्या जागी ठोकळे, चेंडू, मोटारी आणल्या. आता इथं समता आली, असं मला वाटलं. चार दिवसांनी पाहते तर एका मुलीनं लांबट ठोकळा रुमालात गुंडाळून मांडीवर घेतला होता आणि ती त्याला थोपटत होती. मी बालवाडीच्या ताईंकडे पाहिलं. त्या सातवी शिकलेल्या, वस्तीतल्याच. त्या म्हणाल्या, “ताई, पोरींना मोटारी दिल्यात, चांगलं केलंत. पण पोरांना काय नवीन दिलंत?”

मैत्रिणींनो, त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलांच्या वाट्याचं ते मोलाचं, म्हणून मी ते मुलींना दिलं. मुलींच्या वाट्याचं ते कमी दर्जाचं, म्हणून कुणालाच नको, असं मी ठरवून टाकलं. थोपटणं, भरवणं, न्हाऊमाखू घालणं, आजाऱ्याजवळ बसणं या कामांना घर किंमत देत नाही म्हणून आपण भांडतो. आणि मी तेच केलं होतं. पेटी खाली आली. फक्त आता बाहुल्यांचा कोपरा मुलामुलींचा, असा नियम केला.

नियम करणं सोपं. माझ्या स्वतःच्या घरात तो चालवायची वेळ आली तेव्हा कळलं. माझा मुलगा चार वर्षांचा असताना बाहुलीसाठी हट्ट धरून बसला. मी आजीच्या पद्धतीनं एक करून दिली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, पोरगा आहे तो. उद्या पोरं त्याला बायल्या म्हणतील.” मी म्हटलं, “आई, बायल्या म्हणजे बाईसारखा. बाईसारखं असणं ही शिवी कशी काय झाली?” त्या गप्प बसल्या, पण त्यांना पटलं नव्हतं. नवरा वर्तमानपत्रातून डोकं वर काढेना. मग एकदा मी एका केससाठी रात्री उशिरापर्यंत पोलीस ठाण्यात होते आणि घरी बाहुलीचा हात निघाला. मुलगा रडत बापाकडे गेला. बापाला सुईत दोरा ओवता येईना. शेवटी सासूबाईंनी मुलाला आणि नातवाला शेजारी बसवून टाके घालायला शिकवले. मी घरी आले तर बाहुलीचा हात उलटा जोडलेला होता. तो अजून तसाच आहे. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, “याला मी कधी सुई हातात धरू दिली नाही बघ.” पाहुणे आले की त्या अजूनही ती बाहुली उशीखाली सरकवतात. एका बाहुलीनं घर बदलतं असं सांगायला मी उभी नाही. पण माझा नवरा आता शर्टाचं बटण स्वतः लावतो.

आता बाहुलीच्या रूपाबद्दल. बालवाडीत आम्ही तपकिरी कापडाच्या दोन बाहुल्या करून ठेवल्या. आमची मुलं सावळी, म्हटलं त्यांच्यासारख्या बाहुल्या असू देत. एका सावळ्या मुलीनं लगेच घर मांडलं. गोरी प्लास्टिकची बाहुली मालकीण झाली आणि तपकिरी तिच्याकडे भांडी घासायला आली. त्या मुलीची आई धुण्याभांड्याची कामं करते. तिनं जे पाहिलं तेच मांडलं.

अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ जोडप्यानं 1940च्या सुमारास लहान मुलांपुढे रंग सोडून बाकी सारख्याच असलेल्या बाहुल्या ठेवल्या. यातली चांगली कुठली, खेळायला कुठली हवी, असं विचारलं. बहुतेक कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली उचलली. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा जो निकाल 1954 साली लागला, त्यात या कामाची दखल घेतलेली आहे. आपल्याकडे रंगाच्या जोडीला जातही आहे. बार्बीचंच घ्या. ती 1959 साली आली. तोवर तिकडे मुलींना मिळायच्या त्या बहुतेक तान्ह्या बाळांच्या बाहुल्या. मुलीला आईखेरीज दुसरं काही होता यावं, असा ती काढणाऱ्या रूथ हँडलर यांचा विचार होता. तो चांगलाच होता. पण तिची अंगकाठी अशी की खऱ्या बाईला तशी असणं शक्य नाही. त्या बाहुलीला वेगवेगळ्या बांध्यांची रूपं मिळायला 2016 साल उजाडलं. म्हणून मी म्हणते, बाहुली मुलांच्या हातात आहे तेव्हा आपण जवळ बसावं. उपदेश करू नये. त्या मुलीला मी एवढंच विचारलं, “या तपकिरी ताईला सुट्टी कधी असते?” तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, “आज.” मग दोन्ही बाहुल्या बागेत गेल्या.

जवळ बसायचं आणखी एक कारण आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. सहा वर्षांची एक मुलगी रोज बाहुलीला पलंगाखाली ठेवायची आणि सांगायची, “आवाज करू नको, ते आलेत.” मी तिला खोदून विचारलं नाही. मुलांना प्रश्नांनी टोचायचं नसतं, आपलं उत्तर त्यांच्या तोंडात घालायचं नसतं आणि खेळावरून कुणाला दोषीही ठरवायचं नसतं. मी तिच्या घरी जाणं वाढवलं. तिसऱ्या की चौथ्या भेटीत तिची आई बोलली. पुढे 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत अर्ज झाला. आई अर्ज लिहून देत होती तेव्हा ती मुलगी बाहुली घेऊन शेजारी बसली होती. मी बाहुल्यांची पेटी कपाटावरच ठेवली असती तर त्या घराचं दार माझ्यासाठी कधी उघडलं असतं, सांगता येत नाही.

आणि एक मुलगी अशी, जिला बाहुली नकोच होती. आठ वर्षांची, कडेवर दीड वर्षाचा भाऊ. मी बाहुली पुढे केली तर म्हणाली, “मला आहे ना हा.” आपण हिला फार गुणाची म्हणतो. पण बाहुलीचा कंटाळा आला की ती खाली ठेवता येते. भावाला खाली ठेवता येत नाही. बाहुली सांभाळणं हा खेळ आहे, भाऊ सांभाळणं हे काम आहे, आणि ते तिच्या शाळेच्या वेळात चाललं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क संहितेचं 31वं कलम मुलांचा खेळण्याचा हक्क मान्य करतं. भारतानं ती संहिता 1992 साली स्वीकारली. तेव्हा पाळणाघराची मागणी करताना आईच्या रोजगाराबरोबर या मुलीच्या खेळाचंही नाव अर्जात लिहा.

शेवटी थोडं हाताचं काम, कारण घरी जाऊन करण्यासारखं काही हवं. बाहुली विकतच घ्यावी लागते असं नाही. आपल्याकडे लाकडी ठकी होती, सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी आजही मिळतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला पानं, बिया, शिंपले अशा आसपासच्या वस्तूंतून शिक्षण उभं केलं. आपल्याकडे निदान जुन्या साड्या आहेत. जुनं सुती कापड मऊ असतं, ते घ्या. तीन वर्षांखालच्या मुलासाठी डोळ्यांना मणी, बटणं लावू नका, ती तोंडात जातात आणि घशात अडकतात. डोळे दोऱ्यानं भरा. शिवण दुहेरी घाला. बाहुली साबणाच्या कोमट पाण्यात हलक्या हातानं धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि आतपर्यंत खडखडीत वाळेस्तोवर उन्हात ठेवा, नाहीतर आत बुरशी धरते. फार जाड असेल तर शिवण उसवून आतलं वेगळं वाळवा. प्लास्टिकच्या बाहुलीचा निघालेला हात बसत नसेल तर तो थोडा वेळ गरम पाण्यात धरावा, मऊ पडतो आणि जागेवर बसतो. गरम पाण्याचं काम मोठ्यांनीच करायचं. केस टोकाकडून वर विंचरत जायचं. विकतची घेतलीत तर आयएसआयचं चिन्ह बघा, 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना ते सक्तीचं झालं आहे.

हे करताना मुलगा-मुलगी दोघांनाही शेजारी बसवा. घरातल्या पुरुषालाही बसवा. आणि शोकेसमध्ये एखादी बाहुली असेल तर आज घरी गेल्यावर तिची पिशवी काढा. मळेल, तुटेल. तुटली की शिवता येईल.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक जुनी साडी आणि सुईदोरा घेऊन यायचं आहे. ज्यांचे नवरे, भाऊ, मुलगे येतील त्यांनी त्यांनाही आणावं. सुई ओवता येत नाही ही सबब चालणार नाही, ते आम्ही शिकवू.