साठीनंतरची डोकेदुखी
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला आरोग्यावर बोलायला दहा मिनिटं दिली आहेत. मधुमेह आणि रक्तदाब यांवर तुम्ही इतकं ऐकलंय की आता तुम्हीच मला शिकवाल. म्हणून एक कमी ऐकलेला आजार निवडला. युरोपच्या, विशेषतः उत्तर युरोपच्या मानाने तो आपल्याकडे क्वचित आढळतो. पण होतो तो पन्नाशीनंतरच, सत्तरीत अधिक, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. म्हणजे आपली बॅच आता त्याच्या वयात आली.

शाळेत आपण रोहिणी आणि नीला शिकलो. कानाच्या जरा पुढे, कानशिलावर बोट ठेवा. ठोका लागतो ना, ती एक रोहिणी. तिच्या भिंतीला सूज आली की आतली वाट अरुंद होते. नाव 'जायंट सेल आर्टेरायटिस'. सूक्ष्मदर्शकाखाली त्या भिंतीत बहुधा मोठमोठ्या पेशी दिसतात म्हणून. डोकं दुखतं ते सोसता येईल. भीती डोळ्याची आहे. डोळ्याच्या नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक रोहिण्याही यात सुजतात. त्या बंद पडल्या तर नजर जाते, आणि गेलेली नजर बहुधा परत येत नाही.

साक्रीकडच्या एक आजी माझ्याकडे धुळ्याला आल्या तेव्हा त्यांच्या डाव्या डोळ्यापुढे सकाळपासून अंधार होता. दोन महिने डोकं दुखत होतं. मधल्या काळात चष्म्याचा नंबर बदलून झाला, एक दाढ काढून झाली. वेणी घालताना डोक्याची कातडी दुखायची, म्हणून त्यांनी केस विंचरणंच सोडलं होतं. जेवणाचं विचारलं तर म्हणाल्या, "भाऊ, भाकर चावता चावता जबडा थकी जास." हे एक वाक्य माझ्या दृष्टीने अर्धं निदान होतं. दाढ दुखत असेल तर पहिल्याच घासाला कळ येते. इथे चार-सहा घास ठीक जातात, मग जबडा भरून येतो, थांबलं की उतरतो. चावणाऱ्या स्नायूंना रक्त पुरत नाही, म्हणून. मऊ भात खाणाऱ्याच्या हे उशिरा लक्षात येईल. ज्वारीची भाकरी लवकर सांगते.

त्यांचा ईएसआर शंभराच्या वर होता. ही तपासणी तालुक्यालाही होते. पण क्षयरोगात आणि रक्त कमी असतानाही ईएसआर वाढतो, म्हणून नुसत्या आकड्यावर निदान करत नाहीत. पक्कं करायला रोहिणीची सोनोग्राफी करतात. सुजलेल्या भिंतीचं काळसर कडं दिसतं. किंवा कानशिलाची जागा बधिर करून रोहिणीचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर तुकडा तपासतात. सूज सलग नसते, त्यामुळे तुकडा निरोगी निघाला तरी आजार नाहीच असं म्हणता येत नाही.

इथे नातेवाईक अडतात: "आधी रिपोर्ट येऊ द्या, मग औषध." सगळ्या भाषणात एवढंच लक्षात ठेवा, की दाट संशय आला तर औषध त्याच दिवशी सुरू होतं. एक डोळा गेल्यावर उपचार नसेल तर दुसराही काही दिवसांत वा आठवड्यांत जाऊ शकतो. स्टेरॉईड सुरू केल्यावरही तुकड्यातला पुरावा आठवडा-दोन आठवडे टिकतो; सोनोग्राफीतलं कडं मात्र लवकर पुसट होतं. आजींना त्याच संध्याकाळी शिरेतून मेथिलप्रेडनिसोलोन दिलं, तीन दिवस. चौथ्या दिवशी तुकडा काढला, त्यात आजार निघाला. डावा डोळा आला नाही. उजव्या डोळ्याने त्या आजही धान्य निवडतात.

नजर शाबूत असेल तर रोज ४० ते ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या गोळ्या. औषध स्वस्त आहे, दोन-तीन दिवसांत डोकं थांबतं, आणि तिथेच घोटाळा होतो: बरं वाटलं की गोळ्या बंद! डोस महिन्यामहिन्याने उतरवायचा असतो. वर्ष-दोन वर्षं लागतात. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, त्याचे उपाय सोबत चालतात. दबलेला क्षय उठू शकतो, म्हणून छातीचा एक्स-रे आम्ही बघतोच. २०१७ पासून टोसिलिझुमॅब नावाचं इंजेक्शनही या आजारासाठी वापरात आलं. त्याने स्टेरॉईड लवकर कमी करता येतं, पण ते महाग आहे.

आणखी एक, जरा रागानेच सांगतो. सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या. अशा औषधांत स्टेरॉईड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. या आजाराच्या बऱ्याच रुग्णांचे खांदे आणि कंबर सकाळी आखडलेले असतात. ते पुडी घेतात, दुखणं आणि ईएसआर दोन्ही दबतात, आजार आत चालू राहतो. डॉक्टरकडे जाताना पुडी खिशात घेऊन जा. लपवू नका, आम्ही रागावलो तरी.

आता भरीत आणि कळण्याची भाकरी वाट पाहतेय. चावता चावता कुणाचा जबडा भरून आला, तर जेवण झाल्यावर मला भेटा. मी शेवटच्या पंगतीला आहे.